पेटीच्या खोलीत

सरांनी माझं आडनाव दोनदा विचारलं. पहिल्यांदा हसत. दुसऱ्यांदा हसणं गेलं होतं.

वाद्यदुरुस्तीच्या शाळेतला तो माझा पहिला दिवस. उज्जैनच्या फ्रीगंजमधली दुसऱ्या मजल्यावरची जागा, आत एक मोठी खोली, बाहेर गॅलरी. आम्ही पाच जण. बाकीचे चौघं हिंदीवाले. मी मराठीत नमस्कार केला तर सरांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "अरे वा, आपल्यातली दिसतेस," म्हणाले. त्यांचे पूर्वज दरबारात कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावर होते, हे ते दर अर्ध्या तासाला सांगतात. उज्जैनमध्ये मराठी माणूस भेटला की त्यांना बरं वाटतं. मग त्यांनी आडनाव विचारलं. मग बाबा काय करतात ते.

"तबला-ढोलक मढवतात," मी म्हटलं.

"अच्छा. मग तू बाहेर गॅलरीत बस. चामड्याचं काम तिथे चालतं. तुझं तर घरचंच आहे."

घरचंच आहे म्हणून तर मला ते शिकायचं नव्हतं. माझे आजोबा खानदेशातून इथल्या कपडा गिरणीत आले. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी परत जातीचं काम हातात धरलं, फक्त जोड्यांऐवजी तबले. आमच्या घरी तबले आले, ढोलक आले, पेटी कधी आली नाही. चांभाराकडे पेटी कोण आणणार? पेटीतले सूर घासून जागेवर आणतात, ते मला शिकायचं होतं. फॉर्मवर मी स्वच्छ अक्षरात हार्मोनियम लिहिलं होतं.

उचललं दप्तर, बसले बाहेर.

तीन महिने बसले. तबल्याच्या पुड्या कापल्या, त्या ताणणाऱ्या चामड्याच्या वाद्या ओढल्या, बोटं सोलून निघाली. आत चौघं पेटी उघडत, बंद करत. मी दारात उभी राहिले की सर गोड आवाजात म्हणत, "आत नको येऊस बेटा, वास राहतो." बेटा म्हणत, हे विशेष. मी घरून निघताना लिंबू चोळून हात धुवायला लागले. नेहा माझ्याबरोबरची, मनानं वाईट नाही, पण तीसुद्धा म्हणाली, "अरे यार, तुझे तो सब आता है, टेन्शन क्या है?" तिला काय समजावणार? मला सगळं येतं ते गॅलरीतलं.

एक दिवस बाबा कातडी घेऊन आले. मी शिकायला लागल्यापासून शाळेला माल आमच्याकडूनच जायचा. जिना चढून दमले होते, दारात टेकले. सर आतून म्हणाले, "वहीं रख दे, अंदर मत ला." सर पानवाल्यालाही आप म्हणतात. माझ्या बाबांना, पन्नाशीच्या माणसाला, रख दे.

बाबा म्हणाले, "जी साहब."

आणि मी मान वर केली नाही. चौघांना कळू नये हे माझे बाबा आहेत म्हणून खाली बघून वादी ओढत राहिले. बाबा माझ्याजवळ क्षणभर थांबले आणि निघून गेले. सरांचा राग नंतर आला. आधी माझी मलाच किळस आली.

त्यानंतर आठवडाभरात एका भजन मंडळाची पेटी दुरुस्तीला आली. भाता हवा धरत नव्हता. सरांनी आतून हाक मारली, "बकरीचं पातळ चामडं काप. दोन बोटं रुंद पट्ट्या."

"कशाला सर?"

"भात्याच्या कोपऱ्यांना लागतं."

मला खरंच माहीत नव्हतं. पट्ट्या कापल्या आणि चपला काढून सरळ आत गेले. पेटी उघडी होती. भात्याच्या कोपऱ्यांना जुनं चामडं, फाटलेलं. मी तिथेच उभी.

"सर, पेटीतपण चामडंच आहे की."

"असतं ना. पण आत असतं. दिसत नाही." सर अगदी सहज म्हणाले, मला धडा शिकवत असल्यासारखे. "दे पट्ट्या, आणि जा बाहेर."

बस, माझं डोकं फिरलं. म्हणजे वासाची गोष्ट नव्हतीच. चामडं देवापुढे चालत होतं, भजनात चालत होतं, यांच्या बोटांखाली चालत होतं. मी दिसत होते, एवढीच अडचण.

मी खाली बसले. "पट्ट्या मी चिकटवते. फॉर्मवर हार्मोनियम लिहिलंय माझ्या."

"नाव काटून टाकीन."

"काटा. का काटलं ते लिहून द्या."

सरांनी लिहून दिलं नाही. पेटी झाकली आणि वर्ग सोडला. नेहा जिन्यात म्हणाली, "तेरी वजह से सबका नुकसान हो रहा है." मी म्हटलं, "माझं तीन महिने झालं तेव्हा तू कुठे होतीस?"

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. त्या दिवशी ओळख दिली नाही, तेही सांगितलं. "मला कळलं होतं," बाबा म्हणाले. ते पुडीवर हात फिरवत बसले. मी म्हटलं, शाळेला आता माल द्यायचा नाही.

"साहेब दुसरीकडून घेतील."

"घेऊ देत. आपल्या हातचं नाही."

बाबा हो म्हणाले नाहीत. पण शाळेसाठी बांधून ठेवलेला गठ्ठा त्यांनी सोडला.

तेव्हापासून सहा दिवस मी पेटीच्या खोलीत जाऊन बसतेय. सर येतात, मला बघतात, पेटीवरचं कापड काढत नाहीत. चौघं माझ्याशी बोलत नाहीत. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. नाव जाईल, वर्ष जाईल, बाबांचं गिऱ्हाईक तर गेलंच.

उद्या अकरा वाजता मी परत जाणार आहे. सरांनी शिकवलं तर शिकेन. नाही शिकवलं तर त्या बंद पेटीसमोर बसेन. ज्यांना हे बघवत नसेल त्यांनी उठून बाहेर जावं. गॅलरी रिकामी आहे.