मल्हारीचे धुतलेले हात

धोंडीबाचा मल्हारी पेडगावहून परभणीच्या हायस्कुलात गेला, तेव्हा गावानं तोंडात बोटं घातली. मेंढरं राखणाऱ्याचं पोर, आणि निजामाच्या शाळेत उर्दूत इतिहास-भूगोल घोकणार! बरं, घोकत होता तो मन लावून. पण त्याचा खरा जीव जडला दवाखान्यावर, आणि तिथं त्याला नेलं एका शेळीनं.

बाजारात कुणाची तरी शेळी गाडीखाली सापडली नि तिचा पाय मोडला. मल्हारीनं कामट्या लावून, आपल्याच धोतराची पट्टी फाडून तो पाय असा बांधला की शेळी उठून उभी राहिली. दवाखान्याचे डॉक्टर तिथूनच चालले होते. हैदराबादेकडचे म्हातारे गृहस्थ, अंगात शेरवानी, तोंडानं मोठे फटकळ. थांबून म्हणाले, "किसने सिखाया रे तेरेकू?"

"मेंढरांनी, साब."

साहेब पोट धरून हसले. "कल से दवाखाने कू आ," म्हणाले.

झालं! शाळा सुटली की पोरगा दवाखान्यात. पट्ट्या उकळायच्या, जखमा धुवायच्या, गळू फोडताना रोग्याचे पाय दाबून धरायचे. पहिल्या दिवशी पू बघून तो बाहेर जाऊन भडाभडा ओकला. साहेब आतून ओरडले, "हो गया? अब अंदर आ." साहेबांचा एकच धडा होता, हात. कोपरापर्यंत साबण, नखं घासायची, मग हात वर धरून उभं राहायचं. कशाला म्हणजे कशाला शिवायचं नाही. शिवलास, की पुन्हा पहिल्यापासून धू. मल्हारीचं नाक नेमकं तेव्हाच खाजायचं, आणि साहेबांचं लक्षही नेमकं तेव्हाच असायचं.

एकदा एक अडलेली बाई गाडीत घालून आणली. बाळाचा हात आधी बाहेर आलेला, आणि घरच्यांनी तो ओढ ओढ ओढलेला. चादरीच्या अल्याड मल्हारी हत्यारांचं ताट धरून उभा होता. पल्याडून साहेब संतापानं बोलत होते, "हात कायकू खींचे? पीछे लेना, पाँव ढूँडना!" बाई वाचली. मल्हारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे, अडलेल्या मेंढीला आपण हेच तर करतो! कोकराचा वाकडा पाय आत सारायचा, कोकरू फिरवायचं, हळूच काढायचं. त्या दिवशी त्यानं ठरवलं, डॉक्टर व्हायचं. हैदराबादेला जायचं, कसंही करून जायचं.

सुटीत घरी आल्यावर त्यानं हे पहिल्यांदा सांगितलं ते थोरल्या बहिणीला. कासाबाई पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. ती पोटावर हात ठेवून खळखळून हसली. "तू डाक्टर होईस्तोवर मी काय अशीच बसू का रे?"

आणि तीच अडली.

सकाळी कळा सुरू झाल्या. ऊन तापलं तरी सुटका होईना. तानुबाई सुईण दारात येऊन मल्हारीच्या मायला, मनकर्णाबाईला, हलक्या आवाजात म्हणाली, "हात आलाय आधी." मल्हारीनं ते ऐकलं मात्र, तो विहिरीकडं पळाला. साहेबांनी दिलेला साबण काढला, कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली आणि हात वर धरून दाराशी आला. दारात माय उभी.

"माघारी हो."

"माय, बाजूला सर. मला ठावं हाय काय करायचं."

"बहिणीचं बाळंतपण भाऊ बघतो व्हय रे? लाज हाय का?"

"मग साबांला आणू द्या!"

"बाप्या डाक्टर? तिच्या सासरी काय तोंड दाखवू?"

मल्हारीनं बापाकडं पाहिलं. गावात कुणाचीही मेंढी अडली की हाच धोंडीबा मोठ्या तोऱ्यात सांगायचा, माझ्या पोराच्या हाताला लय यश हाय. आता तो खाली मान घालून दोरीचा पीळ उलगडत बसला होता. मल्हारी दाराबाहेरूनच ओरडला, "तानुमावशी, हात वढू नका! आत सारा, पाय धुंडा!"

"मला शिकवायलास? तुला बी मीच वढून काढलंय!"

आतून कासाबाईचा आवाज आला, अगदी बारीक. "येऊ द्या गं त्याला. मल्हारी, ये ना रे."

माय हलली नाही. मल्हारी अंगानं दांडगा होता, मायला एका हातानं बाजूला करता आलं असतं. पण हात तर धुतलेले! मायला शिवलं की पुन्हा विहीर, पुन्हा साबण. तोवर काय होईल? आता सरेल, आता सरेल, म्हणत तो हात वर धरून उभाच राहिला. रडत होता, डोळेसुद्धा पुसत नव्हता. हातांवरचं पाणी वाळून गेलं.

आतला आवाज थांबला. तानुबाई बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. तेव्हा माय दारातून सरली. "ये रे राजा," ती म्हणाली, "तुझे हात धुतलेले हायती न्हवं? बघ की तिला, बघ की!"

मल्हारी आत गेला. अक्काचं मनगट धरून बसला तो बसलाच. बाळही गेलं होतं.

शाळा उघडली, तो गेला नाही. साहेबांनी दोनदा निरोप धाडला, दोन्ही वेळा तो मेंढरं घेऊन रानात गेला. माणसाला हात लावायचं म्हटलं की तो हात पाठीमागं घ्यायचा. पुढं रझाकारांची धामधूम झाली, निजामी गेली, गावानं पेढे वाटले. मल्हारीनं पेढा घेतला, पण हसला नाही. हैदराबादेचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

एकदा दुपारी घराशेजारच्या रानात मेंढी अडली. मल्हारीनं कोकरू फिरवून काढलं. कोकरू थरथरत उभं राहिलं, मेंढी त्याला चाटू लागली. मनकर्णाबाई लगबगीनं आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात तोच साबण. इतकी वर्षं तिनं कोनाड्यात जपून ठेवला होता.

"हात धू बाबा," ती म्हणाली.

मल्हारीनं गवताला हात पुसले.

"राहू दे माय. मेंढरापाशी मला कुणी अडवत न्हाई."