नामपूर, व. धों. यांचा शोध

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिन्नरजवळच्या एका कांद्याच्या चाळीत उकिडवी बसून सडके कांदे निवडत होते. फोनवर त्यांची सून होती. "सकाळी चहा मागितला, आणि मी आणेपर्यंत…" खरं सांगते, मला आधी रडू नाही, राग आला. गुरुवारी माझ्या नव्या लेखाची यादी बघायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि शब्द दिला की तो माणूस पाळायचाच. हात न धुता तशीच जीपमध्ये बसले. नाशिकला द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकले, तेव्हा कुठे डोळ्यांना धार लागली. त्याला आता सहा आठवडे झाले.

आप्पा म्हणजे एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले कारकून. संशोधनाच्या लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असते ना, कुणाच्या कोणत्या कामाचा आधार घेतला त्याची, ती ते नीट लावून द्यायचे. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, साल, नियतकालिक, पानं. एका नियतकालिकाला टिंब हवं, दुसऱ्याला स्वल्पविराम, तिसऱ्याला तिरपी अक्षरं. लग्नातल्या मानपानासारखे प्रत्येकाचे रुसवे वेगळे, आणि आप्पांना सगळ्यांचे रुसवे तोंडपाठ. हल्ली हे काम कॉम्प्युटर करतो, बटण दाबलं की झालं, असं मी त्यांना पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं. त्यावर ते म्हणाले की यंत्र टिंब बरोबर देतं, पण माणूस खरा आहे का ते विचारत नाही. त्यांचा नियम एकच होता. यादीतल्या प्रत्येक नोंदीचं मूळ पहिलं पान त्यांच्या टेबलावर आणून ठेवायचं. नाही आणलं की ते तांबड्या पेनाने आडवी रेघ मारायचे. माझ्या यादीवर त्या दिवशी इतक्या रेघा पडल्या की मी दार आपटून निघून गेले… आणि तिसऱ्या दिवशी कागदांचा गठ्ठा घेऊन मुकाट्याने परत आले.

परत येण्यावाचून इलाजच नव्हता. हा लेख छापून आल्याशिवाय पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारणार नव्हते, आणि माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण सांभाळून इतकी वर्षं केलेलं सगळं काम पाण्यात जायची वेळ आली होती. लेख मी आप्पांकडे यायच्या आधीच पाठवला होता, आणि अशात नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं: 'नामपूर, व. धों.' हा संदर्भ कुठेच सापडत नाही, मूळ पान पाठवा, नाहीतर तो काढून टाका. झालं! चाळीला खालून वारा मिळाला तर कांदा कमी सडतो, ही जुनी नोंद त्याच नावावर होती आणि माझा अख्खा लेख तिच्यावर उभा होता. आप्पांनी विचारलं, हे तू वाचलंयस का? मी म्हटलं, सगळे देतात की हा संदर्भ! "सगळे देतात म्हणजे कुणीच वाचलेलं नाही," आप्पा म्हणाले. पण या वेळी त्यांनी रेघ मारली नाही. बराच वेळ ते त्या नावाकडे बघत राहिले. मग म्हणाले, उभा जन्म ग्रंथालयात गेला, नामपूर आडनावाचा एक माणूस भेटला नाही. नामपूर हे बागलाणातलं गाव आहे. आपल्याकडे गावाकडच्या पुस्तिकेवर नावाखाली गाव छापतात. कुणीतरी शहाण्याने शेवटचा शब्द आडनाव समजून उचलला असणार, आणि पुढच्यांनी डोळे मिटून उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही नामपूरला. त्यांचे गुडघे दुखत होते, मी नको म्हणत होते, पण ऐकतील तर ते आप्पा कसले! कांदा मार्केटात लिलाव चालू होता. ट्रॅक्टरच्या रांगेतून वाट काढत आप्पा भेटेल त्या म्हाताऱ्याला विचारत होते, इथे कुणी व., धोंडूची मुलगी किंवा मुलगा, पूर्वी कांद्यावर लिहायचं का हो? लोक हसत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेवटी फेटा बांधलेले एक बाबा अहिराणीत म्हणाले, "धोंडूनी वत्सला? मास्तरीनबाई?" आणि त्यांनी थेट घराकडे बोट दाखवलं.

दारात आवाज दिला, आतून "कोन शे?" असं आलं, आणि पाठोपाठ काठी टेकत वत्सलाबाई. निवृत्त शिक्षिका, चष्म्याला दोरी. तरुणपणी त्यांनी शाळेतल्या मुलींना घेऊन दर शनिवारी वडिलांच्या चाळीतले सडके कांदे मोजले होते, ते सगळं लिहून काढलं होतं आणि शेतकी खात्यातल्या एका साहेबांनी त्याची छोटी पुस्तिका छापून दिली होती. जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यातून त्यांनी ती काढली. मुखपृष्ठावर कु. वत्सला धोंडू, खाली नामपूर. आडनाव का नाही, विचारलं तर म्हणाल्या, अर्ध्या गावाचं आडनाव देवरेच, ते लिहून कळणार काय? आप्पांनी त्यांना सावकाश सांगितलं की तुमचं काम वर्षानुवर्षं इंग्रजी लेखांत जातंय, गावाच्या नावाने. बाईंनी पुस्तिका मांडीवर सरळ केली. मग हसून म्हणाल्या, "गावाचं नाव झालं ना… बरंच की मग."

आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. "नाही बाई. कांदे गावाने मोजले नाहीत. तुम्ही मोजलेत."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, आणि पुसतच राहिल्या. त्या बाईंचं नाव मीही बेधडक चुकीचं लिहिलं होतं, याची मला मनापासून लाज वाटली. लग्नानंतर त्यांचं आडनाव पगार झालं होतं. आप्पांनी त्यांनाच विचारलं की कोणतं नाव लावू, आणि बाई म्हणाल्या, लिहिलं तेव्हा मी देवरे होते.

मुदतीच्या आत आम्ही पुस्तिकेचं पान आणि दोन ओळींचं पत्र पाठवलं. लेख स्वीकारला गेला. वर संपादकांनी कळवलं की आधीच्या लेखांतली चूक दाखवणारी टीपही ते सोबत छापणार आहेत. स्टाफरूममध्ये मी एवढ्याने ओरडले की शिपाईमामा धावत आले! आप्पांना फोन केला तर त्यांचा पहिला प्रश्न, सगळे स्वल्पविराम जागेवर आहेत ना? छापील प्रत घेऊन ते एकटे नामपूरला जाऊन आले. माझ्या नावामागे डॉक्टर लागलं, ते त्या माणसामुळे. लेखात आभार मानावेत म्हणून मी त्यांचं नाव लिहिलं होतं, तर त्यावर बिनदिक्कत तांबडी रेघ. यादी लावणाऱ्याचं नाव लेखात नसतं, म्हणे!

मागच्या आठवड्यात वत्सलाबाई एकट्याच एसटीने नाशिकला आल्या. सुनेने आम्हाला आप्पांच्या खोलीत बसवलं. टेबल, तांबडी पेनं, खिडकीतून येणारे गाड्यांचे भोंगे, सगळं जिथल्या तिथे. बाईंनी पिशवीतून ती छापील प्रत काढली, यादीतल्या आपल्या नावावर बोट ठेवलं, मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं उलटली.

"यात त्यांचं नाव कुठंय गं?"

मी सांगितलं, त्यांनीच काढायला लावलं. बाई चिडल्या. शाळेत चिडत असतील तशाच चिडल्या.

"मग पेपरात लिही. पेपर येतो आमच्या गावात."

म्हणून लिहिते आहे. आडनाव आधी, त्यांच्या पद्धतीने. वाघचौरे, दिगंबर रामभाऊ. नाशिक. आप्पा, आता मारा रेघ! आणि हो, शेवटी लिहिलंय ते गाव आहे. कुणी आडनाव म्हणून उतरवून घेऊ नये.