मघाचं पाणी

करावेच्या खाडीतली भरती-ओहोटी मी पायथन या संगणकभाषेत प्रोग्राम लिहून पडद्यावर दाखवत होते. भरती छान चढायची, पण निळं पाणी एकदा वर आलं की उतरतच नव्हतं. दोन दिवस मी गणित तपासत बसले आणि घरात सगळ्यांवर खेकसत राहिले.

माझ्या सासऱ्यांचा जन्म त्याच खाडीत मासे धरण्यात गेला. सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्या मागे उभे राहिले. जरा वेळ बघून म्हणाले, "काठाचं पानी हलत नाय. हे आताचं पानी नाय, मघाचं हाय."

"बाबा, गणित आहे ते. तुम्हाला नाही कळायचं," मी तडकून म्हणाले.

बोलले आणि तिथेच थांबले. चित्र पडद्यावर येण्याआधी मेमरीतल्या एका जागेत तयार होतं, तिला फ्रेमबफर म्हणतात. शाळेतल्या पाटीसारखी ती दर नव्या चित्राआधी पुसावी लागते. मी ती एकदाही पुसली नव्हती. ओहोटी बरोबर मागे जात होती, पण तिच्यामागे भरतीचा निळा रंग तसाच राहत होता.

मी पुसण्याची एक ओळ घातली. पाणी उतरलं आणि चिखल उघडा पडला.

"आता सुकती लागली," सासरे म्हणाले. मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. "हितं माझी होडी लागायची."

तिथे आता आमची सोसायटी आहे. ती जागा मी पहिल्याच दिवशी, जमीन समजून, करड्या रंगाने भरून टाकली होती.