वर्षाच्या आतला फोटो

बाबा जानेवारीत गेले आणि त्याच एप्रिलमध्ये मी आईला घेऊन वॉशिंग्टनला चेरीच्या फुलांचा उत्सव बघायला गेलो. वर्षाच्या आत. हे मी कधी लपवलं नाही आणि त्याबद्दल मला कोणाची माफीही मागायची नाही. मागायचीच असेल तर त्याआधीच्या पाच आठवड्यांबद्दल, आणि तीही फक्त आईची.

बाबांच्या वेळी मी पोचलो नव्हतो. इकडे अमेरिकेत बर्फामुळे विमानं बंद होती. साताऱ्याच्या घरी पाय ठेवला तेव्हा चुलतभावाने अग्नी दिलाही होता. कोणी मला बोल लावला नाही. "एवढ्या लांबून येणार तरी कसा?" असंच सगळे म्हणाले. ते वाक्य ऐकलं की मान आणखी खाली जायची. तेरावं झाल्यावर मी नोकरीवर परतलो आणि फेब्रुवारीच्या शेवटी आई आमच्याकडे व्हर्जिनियाला आली. अग्नी देता आला नाही, निदान वर्ष तरी काटेकोर पाळायचं, असं मी मनाशी पक्कं केलं.

आणि पाळलं. घरात गोड बंद. पाडव्याला गुढी नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला येणार नाही, असं मी स्वतः फोन करून सांगितलं. आमच्याकडच्या घराघरांत पूजा सांगणारे एक काका आहेत, रिटायर्ड इंजिनियर. ते म्हणाले, "शाब्बास. इकडे येऊन हे पाळणारे कमी." त्या शाबासकीवर मी कितीतरी दिवस काढले. आईला कोणी जेवायला बोलावलं की तिला न विचारता मीच सांगून टाकायचो, "वर्ष व्हायचंय अजून." ती दिवसभर खिडकीशी बसून समोरच्यांचा कुत्रा बघायची. मला वाटायचं, दुःखात आहे, बसू दे.

एकदा जेवताना तिने विचारलं, "माझं तिकीट अलीकडचं करून मिळेल का रे?"

तिचं परतीचं तिकीट जुलैचं होतं. "का? इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही. तिथे निदान भाजी आणायला तरी जाते."

"अगं, पण वर्ष..."

"तिथे महिन्याभरात मी मंडईत जायला लागले होते. कोणी अडवलं नाही." मग म्हणाली, "तुझे बाबा गेलेत. मी कुठे गेलेय?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या पानात आमटी वाढली. मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. ती म्हणाली, "आजी, शनिवारी चेरी ब्लॉसम बघायला जाऊ या?"

"तो उत्सव असतो," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज. इट्स जस्ट ट्रीज."

"झाडंच आहेत ना?" आई म्हणाली. "मग झाडांना काय विटाळ? मी येणार."

शनिवारी मेट्रोत बसायलाच काय, धड उभं राहायलाही जागा नव्हती. स्टेशनातून बाहेर पडलो तर माणसांचा लोंढा पाण्याकडे चाललेला; बाबागाड्या, कुत्रे, ट्रायपॉड, एका नवरीचा जमिनीवर लोळणारा झगा. कुठून तरी मोठ्या जपानी ढोलांचा आवाज येत होता. वारा गार होता. आईने नऊवारीवर माझं जुनं जाकीट घातलं होतं आणि पायांत मुलीचे स्पोर्ट्स शूज. टायडल बेसिन नावाच्या तलावाच्या काठाला आलो आणि ती थांबलीच. पाण्याच्या कडेने सगळीकडे फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरंच. पान एक नाही.

"याला चेऱ्या लागतात?"

"खाण्यासारख्या नाही. ही नुसती फुलायची झाडं."

"नुसती फुलायची." तिने मान डोलावली. "तुझे बाबा असते तर म्हणाले असते, फुकट जागा अडवलीय. इथे दोन लिंबं लावा."

आणि ती हसली. बाबांच्या आवाजाची नक्कल तिने इतकी हुबेहूब केली की मीही हसलो. जानेवारीपासून आम्ही दोघं बाबांबद्दल पहिल्यांदाच असं बोलत होतो.

मुलीने गोड पॉपकॉर्नची मोठी पिशवी आणली. आई मुठीने खात होती, मीही. तेवढ्यात समोरून काका आणि काकू आले. मी काय केलं सांगतो. पॉपकॉर्नची पिशवी पाठीमागे लपवली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस.

"अय्या, तुम्ही इथे?" काकू म्हणाल्या. "पाडव्याला नाही आलात, म्हणून आम्हाला वाटलं..."

"वर्षाच्या आत उत्सव?" काका माझ्याकडे बघत म्हणाले. "तुझ्याकडून नव्हती रे ही अपेक्षा."

आईने माझ्या पाठीमागून पिशवी ओढून घेतली आणि काकूंपुढे धरली. "घ्या हो. गोड आहे."

काकूंनी घेतलं. काकांकडे न बघता घेतलं, पुन्हा एकदा घेतलं.

"निदान बारा महिने तरी पाळावेत," काका म्हणाले.

माझे कान तापले होते. पण मान खाली गेली नाही. "काका, पाळायचं मी ठरवलं होतं, आणि कोंडून बसवलं हिला. बाबांच्या वेळी मी पोचलो नाही. ते हिला खोलीत बसवून भरून निघणार आहे का? मासिक श्राद्ध मी करीन, वर्षश्राद्धही करीन. पण आई बाहेर फिरणार. मंडळात कोणी विचारलं तर हेच सांगा."

"लोक बोलतील."

"बोलू देत. मी इथेच राहतो." मग कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "आमचा एक फोटो काढता का?"

काकांनी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला. "कुठलं बटण?" त्यांनी तुटकपणे विचारलं. मुलीने दाखवलं.

परतीच्या मेट्रोत आईला जागा मिळाली. जाकिटावर अडकलेली पाकळी तिने काढली नाही. मी म्हणालो, "तिकिटाचं सोमवारी फोन करून बघतो."

"कशाला? जुलैचंच राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी काय असतं इथे?"

तो फोटो आमच्या दिवाणखान्यात बाबांच्या तसबिरीशेजारीच लावलाय. आईच्या तोंडात पॉपकॉर्न आहे, माझा एक डोळा मिटलाय. मंडळातलं कोणी घरी आलं आणि फोटो कधीचा असं विचारलं, की मी सरळ सांगतो: बाबा गेले त्याच वर्षीचा. आणि तो काढला कोणी, तेही सांगतो. काकांचा हात जरा हलला होता, त्यामुळे थोडा तिरका आलाय.