कानपिळीचा मान

सोनईच्या दवाखान्यात कल्याण जन्मला, तेव्हा नर्सबाईंनी मुलगा झाल्याचं सांगितलं आणि बाळाचा बाप कोण हे कुणालाही न विचारता त्याला थेट श्रीमंतरावांच्या हातात दिलं. श्रीमंतराव बाकड्यावर बसले होते. मागच्या खिडकीतलं ऊन त्यांच्या दोन्ही कानांतून आरपार लाल दिसत होतं. बाळाचे कानही तसेच, काटकोनात बाहेर आलेले. त्या घराण्यात जमिनीचे पिढ्यानपिढ्या तुकडे पडत गेले. कान मात्र ज्याला त्याला पूर्ण मिळाले.

शाळेत कल्याणचं नाव सुपड्या पडलं. त्यातला क्रूरपणा पोरांना कळत नव्हता, अचूकपणा सगळ्यांना कळत होता. पुढे त्यानं केस मानेपर्यंत वाढवले. "कीर्तनकार व्हायचंय का?" असं श्रीमंतरावांनी विचारलं, तरी न्हाव्याला त्याची ताकीद एकच, "कडंला हात लावू नको." करोनात सगळ्या जगानं मास्कमागे तोंड लपवलं, पण मास्कच्या दोरीनं कल्याणचे कान आणखी पुढे यायचे. जगावरच्या संकटातही त्याच्या वाट्याला काहीतरी खास आलंच.

त्यानं ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकलं, ते बरं चाललं. श्रीरामपूरच्या मोनिकाचं स्थळ आलं. तिनं पाहिलं आणि होकार दिला. फोनवर एकदा म्हणालीही, "मला तुमच्या कानाचं काही नाही हं." दुसरा कुणी यावर खूश झाला असता. कल्याणला एवढंच ऐकू आलं, की तिच्या लक्षात आलेलं आहे.

लग्न मे महिन्यातलं होतं. जानेवारीत त्यानं नगरला प्लास्टिक सर्जन गाठला. डॉक्टर म्हणाले, "कानाला एक घडी असते. तुमच्या कानाला ती जन्मापासून पडलीच नाही. मागून छेद देऊन आपण ती पाडू." इतक्या वर्षांचं दुःख म्हणजे न पडलेली एक घडी, हे ऐकून कल्याणला थोडं अपमानास्पदच वाटलं.

सोबत घरचं कुणीतरी लागणार होतं. ऐकायला कमी येतंय असं सांगून त्यानं वडिलांना नेलं. ऑपरेशन झाल्यावर श्रीमंतरावांनी काळजीनं विचारलं, "आता येतंय का ऐकायला?"

"ऐकायला आधीही येत होतं," डॉक्टर म्हणाले. "आता दिसायला छान झालेत."

परतीच्या एसटीत घोडेगावापाशी श्रीमंतराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या आज्याचं कान हुतं ते." त्यानंतर ते मुलाशी बोलेनासे झाले. गावात कल्याणनं कान फुटल्याचं सांगितलं. डोक्याला पट्टी होती, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला आणि ज्यानं त्यानं आपापलं औषध सुचवलं.

पट्टी निघाली. आरशात एक सामान्य माणूस दिसला. कल्याण त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. आणि त्याच आठवड्यात श्रीरामपूरहून निरोप आला, की मोनिकाच्या फौजेतल्या भावाला, ओमला, मे महिन्यात रजा मिळत नाही. लग्न फेब्रुवारीतच उरकायचं.

कल्याणनं डॉक्टरांना फोन लावला. "खुशाल करा लग्न," ते म्हणाले. "फेटा हलका बांधा, फोटो काढा, नाचा. फक्त अजून दोन महिने कुणाला कान ओढू देऊ नका. आतले टाके निसटले तर कान पुन्हा पुढे येईल." डॉक्टरांचं स्वतःचं लग्न बहुधा रजिस्टर पद्धतीनं झालं असावं. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल मानाचे कपडे घ्यायचे, ही पद्धत त्यांच्या कानावर आलेली दिसत नव्हती. ज्या हातानं कान पिळला जाणार होता, त्याच्याच रजेसाठी लग्न अलीकडे आलं होतं.

ओमला सांगावं, तर सगळ्या मांडवाला कळणार. न सांगावं, तर एक कान सरळ आणि एक सुपडं असा संसार सुरू होणार. त्यानं दोनदा ओमला फोन लावला आणि दोन्ही वेळा हवापाण्यावर बोलून ठेवला.

मांडवात भटजींनी "मुलीचा भाऊ कुठाय?" असं विचारलं, तेव्हा ओम बाह्या सारत पुढे आला. तळहात खोऱ्यासारखे. मागून मोनिकाच्या मैत्रिणी ओरडल्या, "ओमदादा, सोडू नको!" ओमनं हात पुढे केला आणि थबकला.

"दाजी, कान गेले कुठं? फोटोत तर चांगले मोठे हुते!"

मांडव हसला. कल्याणच्या दोन्ही कानांमागच्या टाक्यांत एकदम ठणका उठला. ओमची बोटं कानाच्या पाळीला लागली, आणि तेवढ्यात मधे एक हात आला.

"थांबा, पाव्हणं," श्रीमंतराव म्हणाले. "आमच्यात नवरदेवाचा पिळत न्हाईत. बापाचा पिळत्यात."

भटजी म्हणाले, "असं काही शास्त्रात..."

"शास्त्रात नसंल. आमच्यात हाय."

लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी सगळ्यांच्या नजरा श्रीमंतरावांच्या आत्याकडे, लंकाबाईंकडे वळल्या. ऐंशी ओलांडलेल्या लंकाबाईंनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"व्हय तर. माझ्या लग्नात माझ्या भावानं सासऱ्याचा पिळला हुता. लई वरडला, मेला."

लंकाबाईंच्या लग्नात काय झालं हे सांगायला दुसरं कुणी आता शिल्लक नव्हतं. भटजींनी पुढच्या अक्षता उचलल्या.

ओम बिचकत म्हणाला, "मामा, पिळू का मग?"

"पिळ की. का मिल्ट्रीत जेवाय देत न्हाईत?"

मग ओमनं पिळला. पार मुळापासून. श्रीमंतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते हलले नाहीत. कल्याणनं मानाचे कपडे मेव्हण्याच्या हातावर ठेवले, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. शेजारी उभी असलेली मोनिका मुंडावळ्यांतून पुटपुटली, "मला आधीच सांगायचं ना. मी त्याला नुसता हात लावायला सांगितलं असतं."

श्रीमंतराव लालबुंद कान चोळत मुलापाशी वाकले. सव्वा महिन्यानंतर त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"बघ. वरिजनल माल हाय. काय झालं का त्याला?"

"न्हाई, आण्णा," कल्याण म्हणाला, आणि मांडवात नवरदेवानं हसू नये एवढा हसला.

मे महिन्यात चुलतभाऊ गहिनीनाथचं लग्न निघालं. नवरीचा भाऊ मांडवात आला तो नवरदेवाला ओलांडून सरळ नवरदेवाच्या बापाकडे, रामहरीकाकांकडे गेला. काकांना काहीच कल्पना नव्हती. "अरे, माझा का?" ते म्हणाले. चार-पाच जणांनी त्यांना धरून समजावलं, की आपल्यात तशीच पद्धत हाय, पहिल्यापासून. लंकाबाईंनी मान डोलावली.

रामहरीकाका ओरडले. पहिल्या रांगेत, कडेनं केस अगदी बारीक कापलेला कल्याण बसला होता. त्याला ते दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आलं.