यात धड माणूस कोण?

"अगं, पण यात एकही धड माणूस नाही," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुस्तक पालथं करून चहाच्या ट्रेशेजारी ठेवलं.

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या सात-आठ मराठी घरांचं आमचं वाचनमंडळ आहे. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी कुणाच्या तरी हॉलमध्ये जमायचं, एकीनं एका पुस्तकाची ओळख करून द्यायची, मग खाणं. ताई वयानं सगळ्यांत मोठ्या, पुण्याच्या, मंडळ त्यांनीच सुरू केलेलं. त्या महिन्यात पाळी माझी होती आणि मी नायजेरियातली एक कादंबरी घेऊन गेले होते, टिपणं काढून. मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, बी.कॉम., फर्स्ट क्लास. तयारीशिवाय मी कुठे उभी राहत नाही.

कादंबरीतला मुख्य माणूस हेडमास्तर. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर खणखणीत आवाजात प्रार्थना म्हणतो आणि सोमवारी भाच्याच्या जागी दुसऱ्याच मुलाला परीक्षेला बसवतो. बायकोला सगळं ठाऊक. ती त्याला फाडफाड बोलते आणि बोलता बोलता त्याच्या झग्याला इस्त्रीही करते. शेजारीण घरोघरी चहाड्या करत फिरते, पण कुणी आजारी पडलं की पहिलं सूप तिच्याच घरून येतं. लग्नात सगळ्या नातेवाइकांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे असतात, तर त्या कापडावरून दोन बहिणी जन्माच्या वैरी होतात. वीज जाते, जनरेटर सुरू होतो, आणि लोक त्याच्यापेक्षा मोठ्या आवाजात भांडण पुढे चालू ठेवतात. शेवटी हेडमास्तरला ना शिक्षा होते, ना पश्चात्ताप. रिटायर होताना त्याचा सत्कार होतो आणि भाषण करताना तो खरोखर रडतो. तिथे मीही रडले होते. लबाड माणूस रडतोय आणि मी का रडतेय, हे मला सांगता येत नव्हतं. तेवढंच मला त्या दुपारी बोलायचं होतं.

पण तिथवर कुणी येऊच दिलं नाही. एकीनं विचारलं, यातून बोध काय घ्यायचा? दुसरी म्हणाली, त्यांच्याकडे असंच चालत असणार, आमच्या मजल्यावर आहेत ना एक नायजेरियन. तिसरीला डिप्रेसिंग वाटलं. माझा असा संताप झाला म्हणता! महिन्याभरापूर्वी याच हॉलमध्ये एका गैरहजर नणंदेची तासभर चिरफाड झाली होती. तेव्हा कुणाला बोध हवा नव्हता.

ताईंनी मग माझी समजूत काढली. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात पुस्तक नको, तू तुझ्या वडिलांबद्दल सांग. तेच आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत छापू. किती पॉझिटिव्ह आहे तुझी गोष्ट.

ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. वडील तालुक्याच्या कोर्टात शिपाई. फायली वाहून वाहून खांदे झिजले, पण मुलीला शिकवलं. मी ती गणपतीत सांगितली होती, इंटरव्ह्यूत सांगितली होती, नव्या शेजारणींना सांगितली होती.

कोपऱ्यात माझी सोळा वर्षांची मुलगी प्लेट घेऊन बसली होती. तिनं फोनमधून मान वर केली. "बट आई, आजोबा लॉक्ड अप युवर पेपर्स, राइट? आजी टोल्ड मी."

मी तिला म्हटलं, तू आधी खाऊन घे. घरी येताना तिला चांगली झापली, तर तिचं उलट मलाच, की तुला हेडमास्टर आवडतो, मग आजोबांचंच का लपवतेस? मग मी आणखी झापलं.

तर खरं काय ते सांगते. बारावी झाल्यावर वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझी गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला ट्रंकेत टाकला आणि कुलूप लावलं. एवढं शिकलीस ते पुष्कळ, म्हणाले. किल्ली खाकी शर्टाच्या खिशात. आईनं रविवारी शर्ट धुवायला घेतला तेव्हा किल्ली काढली, कागद काढले, कुलूप होतं तसं लावलं, आणि माहेरी जाते सांगून मला एसटीनं जिल्ह्याच्या कॉलेजात नेऊन ॲडमिशन घेतली. अण्णा दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी हॉस्टेलच्या फाटकावर भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन उभे. सुट्टी असूनही युनिफॉर्मात. त्यानंतर पदवी होईपर्यंत त्यांचा एक रविवार चुकला नाही. माझी पदवी त्यांनी फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावली आणि येईल त्याला सांगू लागले, हिला मी शिकवली. होता होता मीही तेच सांगू लागले. ऐकायला बरं वाटतं हो, वडिलांनी शिकवलं. या सगळ्यात आई कुठेच उरली नाही, आणि ते काम माझ्या तोंडानं झालं होतं.

सोमवारी ऑफिसात, जबल अलीला, शेजारच्या टेबलावरच्या लागोसच्या बाईंना मी हकिगत सांगितली. त्या कस्टम्सचे कागद बघतात, मी शिपिंगचे. ती कादंबरी मला त्यांनीच वाचायला दिलेली, आणि त्याआधीची चार-पाचही. त्या सगळ्यांत अशीच माणसं, खोटं बोलणारी, वेळेला धावून येणारी. मला वाटलं होतं माझ्या मैत्रिणींचं ऐकून बाई दुखावतील. त्या पोट धरून हसल्या. "माझ्या बहिणीही हेच विचारतात," त्या म्हणाल्या. "आपल्या घरातलं कुणी दिसलं की पुस्तक वाईट." मग गंभीर होऊन विचारलं, आईबद्दल तू कधी लिहिणार? त्यांना काय, विचारायला सोपं.

मी लिहायला बसले. या खेपेला आईला तिचं देणार होते. अण्णा जसे होते तसे, आणि आई म्हणजे मुलीच्या शिक्षणासाठी नवऱ्याशी झुंजलेली माउली. चार पानं झाली. शुक्रवारी हाफ डे असतो, तेव्हा व्हिडिओ कॉलवर आईला वाचून दाखवली. ती गवार मोडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "माउली-बिउली काढून टाक. शिक्षणाचं मला काय कळत होतं? तुझ्या आत्यानं तिच्या दिराचं स्थळ आणलं होतं. ह्यांनी कबूल करायच्या आत तुला गावाबाहेर काढायचं होतं. त्या बाईच्या घरात मी माझी मांजर दिली नसती."

मी कपाळाला हात लावला. तीस वर्षं एक खोटं सांगितलं, आता दुसरं लिहून बसले होते, आणि ज्या बाईसाठी लिहिलं तिनंच ते मोडून टाकलं. शिवाय आत्या अजून आहे, फिरत फिरत तिच्या नातवाकडे स्मरणिका पोचेल. मी म्हटलं, आई, हे कसं छापायचं?

"खरं लिहायचंय म्हणतेस ना? मग लिही. पण आधी ह्यांना वाचून दाखव. पाठीमागं नको."

म्हणजे सगळ्यांत अवघड तेच. अण्णांना आता कमी ऐकू येतं. आईनं फोन त्यांच्या कानाशी धरला, त्यामुळे मला स्क्रीनवर फक्त त्यांचा कान आणि पांढरे केस दिसत होते. मी पुन्हा लिहिलेलं सगळं वाचलं. ट्रंक, कुलूप, खिशातली किल्ली, आत्याचं स्थळ, न बोलण्याचे महिने, डबा, फ्रेम. आणि शेवटी हेही, की ही गोष्ट इतकी वर्षं मी अर्धीच सांगत आले. वाचून झाल्यावर पलीकडून काही येईना. मला वाटलं, आता पुन्हा दिवाळीपर्यंत बोलणं बंद.

दरम्यान ताईंचा मेसेज येऊन पडला होता. माझी पानं वाचून मुलीनं त्यांना सगळं आधीच सांगून टाकलं होतं. डब्याचा भाग फार सुंदर आहे म्हणे, तेवढाच देऊ या का? मी उत्तर टाइप केलं, छापायचं तर सगळं, नाहीतर खलास, आणि पाठवून दिलं.

शेवटी अण्णा खाकरले.

"ट्रंक हिरवी लिहिलीस तू," ते म्हणाले.

"हो."

"काळी होती. हिरवी तुझ्या आत्याकडं."

एवढंच. कुलपाबद्दल एक शब्द नाही, किल्लीबद्दल नाही. आईनं मागून विचारलं, बाकीचं? ते म्हणाले, बाकीचं लिहिलंय की तिनं. आणि फोन तिच्या हातात देऊन उठून गेले.

मी जाम वैतागले. मग पानं पुढे ओढली आणि हिरवीची काळी केली.