बुटावरचा गुलाबी डाग

त्या तक्रारीचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका गावात मी तेव्हा डिटेक्टिव्ह होतो. बॅले शिकवणाऱ्या, ऐंशी उलटलेल्या एक बाई बगलेत फ्रेम घेऊन ठाण्यात आल्या. चित्र एकोणिसाव्या शतकातल्या नर्तिकेचं. शिळाछाप, वर हाताने भरलेले रंग, पाठीला इवलेसे पंख, सगळा भार एका अंगठ्यावर.

“फ्रेम बदलायला दिलं होतं. परत आलं ते माझं नाही,” बाई म्हणाल्या. “लहानपणी मी ओलं बोट फिरवून हिच्या बुटाचा गुलाबी रंग फिसकटवला होता. तो डाग कुठे गेला?”

सोबतचा भाचा माझ्याकडे बघून हसला. “मावशीला हल्ली काही आठवत नाही. डॉक्टरांचा दाखला मिळाला की वृद्धाश्रमात ठेवणार आहे.”

फ्रेमवाल्याला फोन केला. “डाग कधी नव्हताच, साहेब. वय झालंय त्यांचं.”

आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या मी शहाण्याने अहवालात लिहिलं, ‘तक्रारदाराची स्मरणशक्ती कमजोर.’ चित्र भिंगाखाली धरण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

दोन आठवड्यांनी आमच्या ओळखीतल्या एका मराठी मुलीचा फोन आला. तिची लेक त्याच क्लासला जायची. “काका, टीचरची बॅलेरिना कोणीतरी ऑनलाइन सेलला टाकलीय! शूवरचा तो पिंक डाग मी लगेच ओळखला. टच करू नका म्हणून त्या प्रत्येक बॅचला तो दाखवतात.”

तेव्हा कुठे मी बाईंकडचं चित्र भिंगातून पाहिलं. छपाईचे बारीक ठिपकेच ठिपके! हाताने भरलेल्या रंगात ठिपके येतील कुठून? फ्रेमवाल्या पठ्ठ्याने स्कॅन करून नक्कल काढली होती, आणि ती देखणी दिसावी म्हणून डाग पुसून टाकला होता. वेबसाइटकडून माहिती मागवली. खातं त्याचंच निघालं.

त्याला समोर बसवून आरोपीचे हक्क वाचून दाखवले.

“बुटावर डाग होता?”

“नव्हता, किती वेळा सांगू?”

मी जाहिरातीचा फोटो पुढे सरकवला. त्याने तो पालथा घातला. मग म्हणाला, “म्हातारीचं कोण ऐकणार, असं वाटलं.”

वॉरंट काढून झडती घेतली. मूळ चित्र त्याच्या मागच्या खोलीत सापडलं. त्याची चीड आलीच, पण माझी स्वतःची जास्त आली. त्याचा अंदाज माझ्या बाबतीत अगदी बरोबर ठरला होता. पुढे निवृत्त होईपर्यंत तक्रारदाराच्या वयाआधी मी त्याची वस्तू पाहत आलो.

चित्र परत करून मी माफी मागितली. बाईंनी आधी बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“रिपोर्टमधलं ते वाक्य चुकीचं होतं, असं लिहून दिलंत?”

“दिलं.”

“मग दोन प्रती द्या. एक डॉक्टरांना, एक भाच्याला.”